घरच्या ग्रुपवर आलेल्या आरोग्याच्या चुकीच्या मेसेजला उत्तर कसं द्यायचं

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले असतील. गगनबावडा रस्त्याकडच्या एका गावातले साठीतले काका दुकानात आले. दर महिन्याला शुगरच्या गोळ्या नेणारं नेहमीचं गिऱ्हाईक, पण दोन महिने फिरकले नव्हते. त्या दिवशीही गोळ्या मागितल्या नाहीत. अंगात ताकद राहत नाही, एखादं टॉनिक द्या म्हणाले. गोळ्यांचं विचारल्यावर त्यांनी मोबाइल काढून काउंटरवर ठेवला. मेटफॉर्मिन या शुगरच्या गोळीने किडनी खराब होते, असा मेसेज. वर मुंबईच्या कुठल्याशा डॉक्टरचं नाव, खाली लाल अक्षरांत ‘आपल्या माणसांना वाचवा’. “भाच्यानं पाठवलंय. लई शिकलेला हाय त्यो,” काका म्हणाले. शेजारच्या लॅबमध्ये रक्त तपासून घेतलं तर शुगर ३८०.

वीस वर्षं मी कोल्हापुरात औषधांचं दुकान चालवतोय. पूर्वी लोक चिठ्ठी घेऊन यायचे. आता चिठ्ठी आणि मोबाइल दोन्ही घेऊन येतात, आणि दोघांचं जमत नसेल तर पुष्कळदा मोबाइलचं ऐकलं जातं. अशा मेसेजना उत्तर देताना मी स्वतः वाईट चुकलोय. घरच्या ग्रुपवर मामांनी एकदा ‘बीपीच्या गोळीची शरीराला सवय लागते, सुरूच करू नका’ असं टाकलं. मी सगळ्यांसमोर चार लिंका दिल्या आणि खाली ‘असलं काही पाठवत जाऊ नका’ असं लिहिलं. मामा तासाभरात ग्रुप सोडून गेले. त्यांची गोळी चालू आहे की बंद, हे पुढचे आठ महिने मला कळलं नाही. माहिती माझी बरोबर होती, पण ज्यांना ती द्यायची तेच हातातून निसटले. पुढे लिहिलेलं सगळं मी त्यानंतर शिकलो.

आधी ठरवा, उत्तर द्यायचं का

सकाळी कोमट पाणी पिण्याचे फायदे, तांब्याच्या भांड्याची महती, असले मेसेज मी सोडून देतो. रोज प्रत्येक मेसेजला दुरुस्ती करणाऱ्या माणसाचं पुढे कुणी वाचत नाही, आणि खरोखर गरज असेल त्या दिवशी आपला शब्द वाया जातो.

मी थांबतो ते चार प्रकारच्या मेसेजला. चालू औषध बंद करायला सांगणारा. दवाखान्यात जायला उशीर करायला लावणारा. जखमेवर, कानात, डोळ्यांत काहीतरी घालायला सांगणारा. आणि लहान मुलाची लस थांबवणारा. यातला दुसरा प्रकार दिसायला सगळ्यात निरुपद्रवी असतो, म्हणून जास्त वाईट. पक्षाघाताचा झटका आला तर सुईने दहाही बोटांची टोकं टोचून रक्त काढा, हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. मेंदूत गुठळी अडकून झटका आला असेल तर ती विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन करावा लागतो. गगनबावड्याहून कोल्हापूर गाठायलाच तासावर वेळ जातो. त्यात घरी सुई शोधण्यात, रक्त काढण्यात आणि ‘आता बरं वाटतंय का’ म्हणून बघत बसण्यात दोन तास गेले, तर शिल्लक काय राहतं याचा हिशोब प्रत्येकाने आपल्या गावावरून करावा.

दहा मिनिटं पडताळणीला द्या

बरोबर आहात याची खात्री नसताना उत्तर देऊ नका, कारण एकदा तुमची दुरुस्तीच चुकीची निघाली की ती पुढची पाच वर्षं तुम्हाला ऐकवली जाते.

मेसेजवर दुहेरी बाण आहे का पाहा. व्हॉट्सअ‍ॅपवर तो बाण म्हणजे मेसेज किमान पाच हातांतून फिरून आलेला आहे. २०२० पासून असा मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पुढे पाठवता येतो, म्हणून लोक तो कॉपी करून नव्याने चिकटवतात आणि बाण निघून जातो. त्यामुळे बाण नाही म्हणजे मेसेज घरचा, असं समजू नका.

मग डॉक्टरचं नाव आणि हॉस्पिटलचं नाव एकत्र शोधा. २०१९ मध्ये गरम नारळपाण्याने कॅन्सरच्या पेशी मरतात असा मेसेज टाटा मेमोरियलच्या तेव्हाच्या संचालकांच्या नावावर फिरला. तो खोटा असल्याचं हॉस्पिटलने स्वतः जाहीर केलं. तरी तो मेसेज माझ्या काउंटरवर अजून येतो. मेसेजमधलं मुख्य वाक्य मराठीतच टाकून पुढे ‘फॅक्ट चेक’ लिहून शोधलं, तर जुन्या अफवांचा खुलासा बहुतेक वेळा पहिल्या पानावर सापडतो. मराठीत हे काम फॅक्ट क्रेसेंडो आणि न्यूजचेकर करतात. फोटो संशयास्पद वाटला तर गूगल लेन्समध्ये टाका. सरकारी योजनेच्या किंवा आदेशाच्या नावाने काही आलं असेल तर केंद्र सरकारच्या पीआयबी फॅक्ट चेककडे विचारता येतं.

‘संशोधनात सिद्ध झालंय’ असं असेल तर एकच प्रश्न विचारा: कुणावर? काचेच्या बशीतल्या पेशींवर, उंदरांवर, की माणसांवर? बशीतल्या कॅन्सरच्या पेशी मारणाऱ्या गोष्टी शेकड्यांनी आहेत. औषध होण्यासाठी ती गोष्ट पोटातून, रक्तातून, त्या गाठीपर्यंत पोचून माणसाला इजा न करता काम करायला हवी, आणि बहुतेक गोष्टी तिथेच बाद होतात.

एवढं करूनही नक्की कळलं नाही तर प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना किंवा तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारा आणि ग्रुपवर तेवढंच लिहा: “मी विचारलंय, उद्या सांगतो, तोवर कुणी गोळी बंद करू नका.”

मेसेजमधलं खरं काय ते शोधा

ही पायरी लोक गाळतात आणि माझ्या मते सगळं यावरच अवलंबून असतं. साफ खोटा मेसेज फार दिवस टिकत नाही. टिकतो तो ज्याच्या पोटात एक खरा दाणा असतो. तो दाणा तुम्ही नाकारलात तर समोरच्याला वाटतं, याला काही माहीत नाही.

काकांचाच मेसेज घ्या. मेटफॉर्मिन किडनी खराब करत नाही. पण किडनीचं काम दुसऱ्या कारणाने आधीच बरंच मंदावलं असेल तर हे औषध शरीरात साठू लागतं, म्हणून डॉक्टर डोस कमी करतात किंवा औषध बंद करतात. आता गावातल्या एखाद्याची किडनी बिघडली, डॉक्टरांनी मेटफॉर्मिन थांबवलं, आणि घरच्यांनी दोन गोष्टी जोडल्या. त्यात कुणाचा खोटेपणा नव्हता. मी काकांना हे असंच सांगितलं आणि वर एवढंच म्हणालो की किडनीला खरी भीती वाढलेल्या शुगरची आहे. त्यांनी लगेच विचारलं, “मग माझी किडनी कशी हाय, ते कुठं कळतंय?” हा योग्य प्रश्न होता. क्रिएटिनिनची तपासणी त्यांच्या डॉक्टरांनी दुसऱ्याच दिवशी लिहून दिली.

आपल्या जिल्ह्यातलं याहून अवघड उदाहरण गुळाचं. ‘साखर विष आहे, गूळ औषध आहे, मधुमेहींनी बिनधास्त खावा’ हा मेसेज इथे दुसऱ्या कुठल्याही मेसेजपेक्षा पटकन पसरतो, कारण गूळ आपला आहे. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन आहे. गुऱ्हाळावरच्या काहिलीतला गरम गूळ खाऊन आपण वाढलोय, आणि ग्रुपमधल्या दोन-चार जणांचं घर गुळावर चालतं. तिथे जाऊन ‘गूळ म्हणजे साखरच’ असं फेकून लिहिलं तर भांडण नक्की.

यातला खरा दाणा असा: गुळात थोडं लोह आणि काही खनिजं असतात, पांढऱ्या साखरेत ती जवळजवळ नसतात. पण गुळाचा मोठा भाग सुक्रोजच आहे, म्हणजे तीच साखर. शंभर ग्रॅम साखरेत साधारण ४०० कॅलरी आणि शंभर ग्रॅम गुळात साधारण ३८०. रक्तातली साखर दोघांनीही वाढते. लोह मिळावं म्हणून जेवढा गूळ खावा लागेल त्यात शुगरचा पार बोजवारा उडेल. त्यापेक्षा पालेभाजी, कडधान्यं, अळीव, चालत असेल त्यांना मटण-कलेजी. मी ग्रुपवर हे लिहिलं तेव्हा सुरुवात अशी केली होती: “गूळ चांगला आहेच, आणि ज्यांना शुगर नाही त्यांनी मापात खावा. पण ज्यांना शुगर आहे त्यांच्या शरीराला गूळ आणि साखर यात फरक कळत नाही.” स्वतः गुऱ्हाळ चालवणाऱ्या दादांनी त्याखाली अंगठा दिला. खात्री करायची असेल तर घरी ग्लुकोमीटर असलेल्याने एक दिवस गुळाचा चहा घेण्यापूर्वी आणि दोन तासांनी शुगर बघून वहीत लिहावी, हेही सांगितलं. स्वतःच्या रक्ताचा आकडा कुठल्याही लिंकपेक्षा जास्त पटतो.

आधी फोन, मग ग्रुप

पाठवणारा वयाने मोठा असेल तर पहिला फोन त्यांना. “मामा, तुम्ही टाकलेला मेसेज बघितला. काळजीनंच टाकलाय तुम्ही. पण त्यातली गोळी बंद करायची गोष्ट धोक्याची आहे, मी ग्रुपवर लिहू का, की तुम्हीच लिहिता?” दहातले सहा-सात जण म्हणतात, “तूच लिही, मला काय कळतंय त्यातलं.” काही जण स्वतःच मेसेज काढतात. मामांच्या बाबतीत मी एवढा एक फोन केला असता तर पुरला असता.

पण फोनवर भागलं म्हणून ग्रुपवर गप्प राहू नका. चाळीस जणांच्या ग्रुपमध्ये बोलणारे पाच असतात, बाकीचे पस्तीस फक्त वाचतात. त्यांनी मेसेज वाचलाय आणि तुमचा फोन त्यांना माहीत नाही. ग्रुपवरचं उत्तर या पस्तीस जणांसाठी लिहायचं असतं. पाठवणाऱ्याचं मन वळलं नाही तरी बघणाऱ्यांवर दुरुस्तीचा परिणाम होतो, असं समाजमाध्यमांवरच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय. दुरुस्ती केली की लोक उलटे जास्त अडून बसतात, अशी भीती मध्यंतरी अभ्यासकांनाही वाटत होती. नंतरच्या मोठ्या चाचण्यांत तसं क्वचितच आढळलं.

धोका तातडीचा असेल, म्हणजे कुणाला आत्ताच साप चावलाय आणि ग्रुपवर कुणी मांत्रिकाचा नंबर देतंय, तर फोनबिन काही नाही. लगेच तिथेच लिहा.

उत्तर कसं लिहायचं

पहिलं वाक्य खऱ्या गोष्टीचं. चुकीची गोष्ट एकदाच, तीही ‘चूक आहे’ हे आधी सांगून. मग ती का चूक, एका वाक्यात. शेवटी काय करायचं ते. मोबाइलच्या एका पडद्यावर मावेल एवढंच.

चुकीचं वाक्य मथळ्यासारखं वर लिहून खाली ‘हे खोटं आहे’ म्हणू नका. वारंवार कानावर पडलेलं वाक्य खरं वाटू लागतं, हे अमेरिकेत १९७७ सालच्या प्रयोगात दिसलं होतं आणि त्यानंतर अनेकदा दिसलंय. काही दिवसांनी काही जणांना तुमचं ‘खोटं आहे’ आठवत नाही, वरचं वाक्य आठवतं. मूळ फोटो परत पाठवूच नका. पाठवावाच लागला तर त्यावर आडवी जाड फुली मारून पाठवा.

सापाच्या मेसेजसाठी मी वापरतो तो मजकूर असा आहे, हवा तर जसाच्या तसा घ्या:

“साप चावला की लगेच प्रतिविषाचं इंजेक्शन असलेल्या दवाखान्यात न्यायचं. १०८ ला फोन करा, उशीर होत असेल तर मिळेल ती गाडी घ्या. अंगठी, बांगड्या, पैंजण काढा. हाड मोडल्यावर बांधतो तशी फळी लावून हात-पाय हलू देऊ नका, माणसाला चालवू नका. दोरी करकचून बांधणं, ब्लेडने कापणं, तोंडाने विष ओढणं हे चूक आहे. त्याने विष निघत नाही, जखम चिघळते आणि वेळ जातो. मण्यार चावली तर सूज येत नाही, फारसं दुखतही नाही, म्हणून घरी वाट बघू नका. साप पकडायला थांबू नका.”

यातलं मण्यारीचं वाक्य गाळू नका. रात्री जमिनीवर झोपलेल्याला मण्यार चावते, चावल्याचं कळत नाही, पहाटे पोटात दुखतं, पापण्या मिटू लागतात आणि घरचे अपचन समजून सोडा देतात.

कुत्रा चावल्यावरचा मजकूर आणखी लहान: “जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा, आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस सुरू करा. तिखट, हळद, चुना लावू नका. पोटात चौदा इंजेक्शनं आता नसतात, दंडात चार-पाच असतात. सगळी तारखेप्रमाणे घ्या.” चौदा इंजेक्शनांची जुनी भीती अजून लोकांना दवाखान्यापासून लांब ठेवते, म्हणून ते वाक्य मुद्दाम आहे. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही.

साठीच्या पुढच्यांसाठी हेच स्वतःच्या आवाजात बोलून पाठवा. पाऊण मिनिट पुरतं. आपल्या घरच्या बोलीत बोला. गावातल्या मावशीला ‘प्रतिविष’ कळत नसेल तर ‘सापाचं इंजेक्शन’ म्हणा.

उलट उत्तर आलं तर

“आमच्या आजोबांनी शंभर जणांचं विष उतरवलंय.” याला ‘अंधश्रद्धा’ म्हणून मोकळं होऊ नका. आपल्याकडचे बहुसंख्य साप बिनविषारी आहेत, आणि नाग-घोणसही कधी कधी चावताना विष सोडत नाहीत. त्यामुळे मंत्र म्हटला काय आणि नाही काय, चावलेल्यांतले पुष्कळ जण बरे होणारच असतात. आजोबांनी त्यांना मनापासून धीर दिला असेल, त्याचा मान ठेवा. मग म्हणा: “पण कुठल्या चाव्यात विष गेलंय हे बघून कळत नाही, म्हणून सगळ्यांनाच दवाखान्यात न्यायचं.” राज्याच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात साप, विंचू, कुत्रा चावलेल्या माणसाला औषधोपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणं गुन्हा आहे. पण कायद्याचं नाव पहिल्या उत्तरात काढू नका.

“तू काय डॉक्टर आहेस?” असं विचारलं तर सरळ सांगा, “नाही. म्हणूनच म्हणतो, गोळी बंद करायची का हे मी किंवा या मेसेजने ठरवू नये, ज्यांनी लिहून दिली त्यांना विचारूया.” मी फार्मासिस्ट असून हेच सांगतो. काकांनाही मी गोळ्या परस्पर सुरू करू दिल्या नाहीत, त्यांच्या डॉक्टरांना फोन लावून दिला.

“सगळा औषध कंपन्यांचा धंदा आहे.” या वाक्यामागे बहुतेक वेळा खरं दुःख असतं: कुणाचं तरी बिल दोन लाख झालेलं असतं. ते नाकारू नका. जेनेरिक औषधं, जन औषधी केंद्र, कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयातली सोय, हे सांगितलं तर बोलणं पुढे सरकतं. दोनदा शांतपणे उत्तर देऊन झालं की थांबा. तिसऱ्या उत्तरापासून लोक मुद्दा सोडून तमाशा बघतात.

हंगामाच्या आधी सांगून ठेवा

अफवा आल्यावर धावण्यापेक्षा ती यायच्या आधी सांगितलेलं जास्त टिकतं, आणि आपल्याकडे अफवांचा हंगाम ठरलेला आहे. जूनमध्ये पेरणी आणि भाताची कामं सुरू झाली की सापाचा मजकूर पाठवा. ऊसतोडीच्या आधी तोच पुन्हा, आणि तोडणी मजुरांच्या मुकादमाकडे नक्की.

जुलै-ऑगस्टात पंचगंगेचं पाणी वाढलं की दोन गोष्टी. पिण्याचं पाणी उकळून किंवा क्लोरीनच्या गोळ्या टाकून. तुरटीने गाळ खाली बसतो, पण पाणी तेवढ्याने पिण्याजोगं होत नाही. आणि पुराच्या पाण्यातून चालून आलेल्याला ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या, तर लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या संसर्गाची) शंका म्हणून डॉक्टरांकडे. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर चिखल काढायला गेलेली पोरं अंगावर ताप काढत होती आणि ग्रुपवर काढ्यांचे मेसेज फिरत होते.

पावसाळ्याच्या अखेरीस डेंग्यू आणि पपईच्या पानांचा रस. रस प्यावा की न प्यावा यावर वाद घालत बसू नका. ताप उतरला म्हणजे सुटलो, हा समज तोडा: डेंग्यूत खरा धोका बहुतेक वेळा ताप उतरतानाच असतो. पोटात सतत दुखणं, वारंवार उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, जास्त सुस्ती, यातलं काहीही दिसलं तर रस बाजूला ठेवून दवाखाना. तापासाठी पॅरासिटामॉल; अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन स्वतःच्या मनाने घेऊ नये.

जाहिरातीचं उत्तर वेगळं

‘तीन महिन्यांत मधुमेह मुळापासून’ अशी पोस्ट, खाली पैसे भरायचा नंबर, तिथे समजूत काढून उपयोग नाही. मधुमेह, कॅन्सर यांसारखे ५४ आजार बरे करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींना १९५४ च्या औषधे आणि जादूई उपचार कायद्याने मनाई आहे. तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या, नंबर आणि पत्ता जपून ठेवा, अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात लेखी तक्रार द्या, आणि अ‍ॅपवर ती पोस्ट ‘रिपोर्ट’ करा.

आपल्याच हातून चुकीचं गेलं असेल तर ते व्हॉट्सअ‍ॅपवर साधारण अडीच दिवसांपर्यंत सगळ्यांसाठी काढता येतं. काढल्यावर गप्प बसू नका, काय काढलं आणि का ते लिहा. लोकांनी तोवर वाचलेलं असतं.

काका महिन्याभराने परत आले. गोळ्या सुरू झाल्या होत्या, क्रिएटिनिन ठीक आलं होतं. मी त्यांना विचारलं, तुमच्या दूध संस्थेच्या ग्रुपवर हे तुम्ही सांगाल का? माझ्यापेक्षा तुमचं ऐकतील. ते थोडा वेळ काउंटरला टेकून उभे राहिले, मग माझ्यासमोरच आवाजाचं बटण दाबून बोलले: “मंडळी, म्या त्यो मेसेज वाचून शुगरच्या गोळ्या बंद केल्त्या. दोन म्हैन्यात शुगर तीनशेऐंशीवर गेली. किडनी तपासली, चांगली हाय. कुणी बंद केल्या असतील तर आजच डॉक्टरला इचारा. आनि भाच्याला कुणी बोलू नका, त्येनं काळजीनंच पाठवलं हुतं.”